अर्धाच पत्रव्यवहार : अण्णांच्या पुस्तकाच्या कामाच्या नोंदी

४ डिसेंबर २०२४, ठाणे

आज नौदल दिन. दरवर्षी या दिवशी टीव्हीवर कराचीवरचा क्षेपणास्त्र हल्ला दाखवतात आणि दरवर्षी आमचे वडील, अण्णा, चहाचा कप खाली ठेवून म्हणायचे, "कराची त्यांनी केली. आम्ही त्याच दिवशी चितगावला होतो, ते कोण दाखवणार?" यंदा कप खाली ठेवणारं कोणी नव्हतं.

रात्री दादा, ताई आणि मी फोनवर एकत्र बोललो. वर्षश्राद्धापर्यंत अण्णांवर एक छोटं पुस्तक काढायचं, घरात आणि भावकीत वाटण्यापुरतं. गोपाळकाल्याच्या दिवशी गेले, म्हणजे तिथीने ऑगस्टचा मध्य. आठ महिने आहेत. दादाचं म्हणणं, नौदलाचंच घ्यायचं, घरगुती कोण वाचणार. ताई काही बोलली नाही, म्हणजे तिला ते पटलेलं नाही. काम माझ्या गळ्यात, कारण मी बँकेतून लवकर निवृत्ती घेऊन घरी बसले आहे. जमाखर्च मांडायची सवय सुटत नाही, म्हणून ही वही.

१४ डिसेंबर, गावी

हर्णैपासून चार मैल आत. माळ्यावरून ट्रंक खाली घेतली. काळी पत्र्याची, झाकणावर पांढऱ्या रंगात अण्णांचा सर्व्हिस नंबर. आत डांबराच्या गोळ्यांचा वास आणि कोपऱ्यात कसर लागलेली.

यादी: इनलँड पत्रं १४३, सुतळीने बांधलेली. मनीऑर्डरची कुपनं, तारेला टोचलेली, मोजली नाहीत. फोटो ६१. नोकरी संपल्याचा दाखला. बिस्किटांच्या डब्यात चार पदकं, फितीसकट.

दाखल्यात १९६१ ते १९८१ चा सगळा हिशेब आहे: कुठल्या जहाजावर कधी चढले, कधी उतरले, दरवर्षी वर्तणूक कशी. वीस वर्षं ‘व्हेरी गुड’. आई म्हणाली, "घरी दाखला दिला असता तर मी एवढे मार्क दिले नसते."

पदकांतलं एक ‘पूर्वी स्टार’, दुसरं ‘संग्राम मेडल’. दोन्ही एकाहत्तरच्या लढाईची. एक १९७२ चं, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचं. चौथं नऊ वर्षांच्या सेवेचं. गोल पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं हे मला माहीत नव्हतं. भिंगातून पाहिलं तर संग्राम मेडलवर आमच्या आडनावात एक अक्षर जास्त. म्हणजे पेन्शनच्या वेळी ज्या एका अक्षरापायी अण्णांनी दोन वर्षं हेलपाटे घातले, ते दहा वर्षांपूर्वीच धातूत कोरून घरी आलं होतं आणि बिस्किटांच्या डब्यात गप्प बसलं होतं.

मग सहज विचारलं, "आई, आणि तुझी पत्रं?"

"माझी कुठली असायला? ती ह्यांनी दर्यात सोडली. लॉकर हातभर. त्यात कपडे ठेवायचे की माझी रडगाणी? दोनदा वाचायचे नि सोडून द्यायचे. मला सांगितलंन तसं."

म्हणजे १४३ ही निम्मीच. उरलेली निम्मी बंगालच्या उपसागरापासून अरबी समुद्रापर्यंत कुठेही.

२ जानेवारी २०२५, ठाणे

स्कॅनिंग सुरू. फोटो ६०० डीपीआय, पत्रं ४००. पहिल्या दिवशी अकरा पत्रं फुकट गेली, कारण इनलँडची आतली घडी मी स्कॅन केली आणि चिकटवायच्या पट्टीवर उभं लिहिलेलं राहूनच गेलं. अण्णा कागदाचा एक बोटभर भाग कोरा सोडत नसत. खरी बातमी बहुतेक त्या पट्टीवरच: ‘दादाचा दात पडला का’, ‘बुधीला कितवा महिना’. बुधी म्हणजे म्हैस.

आता प्रत्येक पत्राचे चार स्कॅन: बाहेर, आत, डावी पट्टी, उजवी पट्टी. फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस-बाजू. तारीख वाचता येत नसेल तर ‘अज्ञात’ आणि क्रमांक. अज्ञात १९ आहेत.

मोबाइलवर बोलून टाइप करून पाहिलं. ‘स्टोकर’चं (बॉयलरवरचा खलाशी) त्याने ‘ठोकर’ केलं, ‘मचवा’चं ‘माझा’. हातानेच टाइप करणार.

१९ जानेवारी, गावी

आज कामाची दिशाच बदलली, म्हणून सविस्तर लिहिते.

दुपारी आईला १९६९ चं एक पत्र वाचून दाखवत होते. पत्र असं आहे: ‘तू विचारलेस त्याचे उत्तर नाही असे आहे. दुसरे, त्याला सांग की पैसे पावसाळ्यानंतर. तिसरे, तुला वाटते तसे काही नाही, इथे सर्व जण मिळून शिजवतात.’ मी दादाच्या सूचनेप्रमाणे हे गाळणार होते. यात नौदलाचं काहीच नाही.

आई हसायला लागली. म्हणाली, "पहिलं म्हणजे मी विचारलंवतं, नोकरी सोडून येताव का. दुसरं, चिरेवाल्याचे उरलेले पैसे. तिसरं..." तिसरं सांगायला तिने वेळ घेतला. शेजारच्या काकूंनी तिच्या डोक्यात भरवलं होतं की बोटीवर बंदराबंदरात जेवायला घालणाऱ्या बायका असतात.

छप्पन्न वर्षं झाली. पण उत्तर वाचलं की तिला आपला प्रश्न आठवतो. मी आणखी चार पत्रं वाचली, चारही वेळा तेच.

तेव्हा पुस्तक दोन रकान्यांचं. डावीकडे अण्णांचं पत्र, जसंच्या तसं. उजवीकडे आई सांगेल ते, तिच्याच शब्दांत. दादाला फोन केला. तो म्हणाला, "मग हे अण्णांवरचं पुस्तक कसं?" मी म्हटलं, तू आधी ऐक. रेकॉर्डिंग पाठवलं. रात्री उशिरा त्याचा एका ओळीचा मेसेज आला: ‘चिरेवाल्याचं मला आठवतंय.’

एक अडचण लिहून ठेवते. आईच्या त्या काळातल्या हस्ताक्षराचा एकही नमुना घरात नाही. चौथी शिकलेली, पण पत्र दुसऱ्याकडून कधी लिहून घेतलं नाही, पोस्टमास्तरांकडूनही नाही. पुस्तकात अण्णांच्या अक्षराची पानंच्या पानं असणार आणि तिचं एक अक्षर नाही.

२ फेब्रुवारी, ठाणे

कालपट तयार. १९४३ जन्म. १९६१ साली विशाखापट्टणमला ‘बॉय’ म्हणून भरती, पुढे लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत इंजिन-बॉयलरचं शिक्षण. १९६६ लग्न. १९६८ ते १९७३ आयएनएस विक्रांत. १९८१ साली चीफ पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त. मग लोटे परशुरामला कारखान्यात बॉयलर अटेंडंट. बघा, माणूस समुद्रावरून उतरला पण बॉयलरपासून काही हटला नाही.

भरतीला निघाले तेव्हाचं आत्याने सांगितलं. आमच्या आजीने निरोप द्यायला बंदरावर यायचं नाकारलं होतं. ‘रामदास’ बोट १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला जाताना बुडाली, सुमारे सातशे माणसं गेली. ऐन गटारी अमावास्येचा दिवस. त्यानंतर आमच्या पट्ट्यात कित्येक वर्षं ‘बोट’ हा शब्द बायका जपून उच्चारत. आणि हा मुलगा तर बोटीवरच राहायला निघालेला. हर्णैला आगबोट धक्क्याला लागत नसे. लांब उभी राहायची आणि माणसं होडीतून तिच्यापर्यंत जायची. आत्या म्हणते, होडी आगबोटीपर्यंत पोचेस्तोवर आजी परसात पाठ करून उभी होती.

१६ फेब्रुवारी, ठाणे

बॉयलरचं प्रकरण. इथे मात्र दादाचं ऐकलं, कारण हे नीट मांडल्याशिवाय अण्णा काय करत होते ते कळत नाही.

लहानपणी आम्हाला वाटायचं अण्णा फुशारकी मारतात. एकच वाक्य: "तीन बॉयलरवर लढाई मारली." आम्ही ‘तीन पायांची शर्यत’ म्हणून चेष्टा करायचो. आता छापील इतिहास वाचला तर गोष्ट अशी. विक्रांत हे मूळचं ब्रिटिशांचं ‘हर्क्युलस’, अर्धवट बांधून पडलेलं. भारताने १९५७ ला घेतलं, ४ मार्च १९६१ ला बेलफास्टमध्ये आपल्या नौदलात दाखल झालं. चार बॉयलर, त्यांच्या वाफेवर टर्बाइन. एकाहत्तरच्या तोंडावर एका बॉयलरला तडे गेलेले. ते इथे दुरुस्त होण्यासारखे नव्हते आणि परदेशी पाठवायला वेळ नव्हता. तो बंद ठेवून तिघांवर जायचं ठरलं.

यात धोका कुठे? विमानवाहू जहाजावरून विमान उडवायचं तर डेकवर समोरून वारा हवा. वारा पडलेला असेल तर जहाजाने स्वतः जोरात पळून तो निर्माण करायचा. बंगालच्या उपसागरात हिवाळ्यात वारा मंद, आणि जहाज तीन बॉयलरवर. सी-हॉक जेट होती, पण जड पंख्याच्या आलिझे विमानांना वेगाचा एकेक नॉट महत्त्वाचा. वर उडणाऱ्याचं नाव होतं, पदकं होती; खाली सात-आठ मजले उतरून काचेच्या नळीतली पाण्याची पातळी बघत उभ्या असलेल्या माणसाने वाफ कमी पडू दिली नाही म्हणून तो उडाला. ४ डिसेंबरला कॉक्सबाजार आणि चितगाव, नंतर खुलना, मोंगला. अण्णांनी यातलं एकही विमान उडताना पाहिलं नाही. लढाईतलं त्यांना दिसलं काय तर प्रेशरचा काटा.

ही शिस्त घरी कुठे आली होती ते ताईने आठवण करून दिलं. आमचा अंघोळीचा तांब्याचा बंब. त्याला कोणीही हात लावलेला चालायचा नाही. अंगणात उभं राहून नुसता धूर बघून सांगायचे: काळा येतोय म्हणजे हवा कमी पडतेय, जाळी मोकळी करा, पांढरा येतोय म्हणजे हवा जास्त. बंबाला पाणी कमी घालून पेटवल्याबद्दल मी एकदाच थप्पड खाल्ली आहे, इयत्ता सहावी. तेव्हा राग आला होता. आता कळतं की पाणी संपलेल्या बॉयलरखाली आग म्हणजे त्यांच्या लेखी काय होतं.

९ मार्च, गावी

फोटो काढायचं काम. गाठी.

अण्णांनी मारलेल्या गाठी घरात अजून शिल्लक आहेत, त्यांचे फोटो घेतले. विहिरीच्या पोहऱ्याला बोलाइन: फास आवळत नाही आणि ओल्या दोरीतही सुटते. गोठ्यातल्या मेढीला दुहेरी वेढ्याची. झोपाळ्याच्या कडीला जी आहे तिचं नाव कोणालाच सांगता येईना. कपडे वाळत घालायच्या दोरीचं एक टोक गेल्या पावसाळ्यात सैल झालं, तर दादाने ते आपल्या पद्धतीने बांधलं. आता त्या दोरीचं एक टोक नेव्हीचं आणि एक आयटीतलं. दोन्हींचा फोटो घेतला, एकाच पानावर छापणार. दादाला सांगितलेलं नाही.

रात्री नऊला आई उठली आणि सगळ्या खिडक्यांचे अडसर, मागचं दार, गॅसची नळी बघून आली. ही अण्णांची ‘राउंड्स’. जहाजावर रात्री नऊला अधिकारी फेरी मारतो, तशी ते घरात मारायचे आणि शेवटी कोणालाही उद्देशून नसलेलं "सब ठीक" म्हणायचे. आई फेरी मारते, पण म्हणत नाही काही.

२३ मार्च, ठाणे

अज्ञात १९ पैकी १४ पत्रांच्या तारखा लागल्या. सगळ्यात मजा क्रमांक ७ ची. शिक्का पुसट, मजकूर सगळा विहिरीच्या कठड्याचा, मी ते १९७० मध्ये घातलं होतं. ताईने स्कॅन मोठा करून पाहिला आणि विचारलं, हे छोटं तिकीट कसलं? पाच पैशांचं, ‘शरणार्थी सहायता’. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून मार्च १९७३ अखेरपर्यंत टपालावर हे जादा पाच पैसे होते. पत्रात ‘पावसाआधी कठडा उरकणे’ असं आहे, म्हणजे १९७२ चा उन्हाळा. देशभरचा कर आमच्या विहिरीच्या कठड्याची तारीख सांगून गेला.

विहीर हा या पत्रांतला खरा नायक आहे, हे आता मान्य करायला हवं. १४३ पैकी ५२ पत्रांत तिचा उल्लेख. कातळ लागला, सुरुंग लावायला माणूस मिळेना, लागला तो जास्त मागतो, चिरे किती, पाणी गोडं की मचूळ. अण्णा मिडल वॉच संपवून, म्हणजे पहाटे चारला वर येऊन, हजार मैलांवरून विहीर खणत होते. प्रत्यक्षात खणून घेत होती आई, दादाला कडेवर घेऊन.

१२ एप्रिल, गावी

डिसेंबर एकाहत्तर. हे रेकॉर्डिंग दोन तासांचं आहे, त्यातलं थोडंच पुस्तकात येईल.

३ नोव्हेंबरचं पत्र आहे. त्यानंतरचं एकदम २९ डिसेंबरचं. मधे काही नाही. पत्ता नेहमीचाच, जहाजाचं नाव आणि केअर ऑफ फ्लीट मेल ऑफिस, बॉम्बे. या पत्त्यावरून जहाज कुठे आहे ते कधीच कळायचं नाही. जहाज मुंबईत आहे असं आईला वाटत होतं. ते अंदमानात होतं. पाकिस्तानची गाझी पाणबुडी त्यालाच शोधत विशाखापट्टणमपर्यंत आली आणि तिथेच बुडाली, हे आईने माझ्याकडून आज पहिल्यांदा ऐकलं. ऐकून म्हणाली, "बरं झालं तेव्हा सांगितलं नाहीत कोणी."

ती तेव्हा आठ महिन्यांची गरोदर, ताईच्या वेळी. रेडिओ वाडीत एकच. संध्याकाळच्या बातम्यांना सगळे अंगणात. तिच्याच शब्दांत लिहिते:

"खुकरी बुडाल्याचं कळलं तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? आपली नव्हे. आपली नव्हे, एवढंच. मग उठून घरात आल्ये. ताट वाढलेलं होतं, ते तसंच झाकून ठेवलं. कोणाची तरी होतीच ना ती. दुसऱ्या दिवशी पोष्टात गेल्ये. मास्तर म्हणाले वहिनी, काही नाही आलं. मग रोज जायची, तर ते लांबूनच हात हलवायचे, मला चढ चढून यायला नको म्हणून."

खुकरी ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ टॉर्पेडो लागून बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच राहिले. अण्णा या जहाजाबद्दल घरात कधीच बोलले नाहीत. दीवला स्मारक आहे, आम्ही सोमनाथला गेलो तेव्हा दादाने गाडी वळवू का विचारलं होतं, तर म्हणाले नको.

२९ डिसेंबरच्या पत्रात काय आहे? लढाईबद्दल दोन वाक्यं: ‘आम्ही सर्व खुशाल आहोत. काम पुष्कळ होते.’ मग लगेच ‘डॉक्टरीण बाईंना आधी सांगून ठेवणे. बैलगाडीने जाऊ नये.’

ठरवलं: या आठ आठवड्यांची दोन पानं. डावा रकाना पूर्ण कोरा ठेवायचा, उजवीकडे आईचं. छापणारा विचारेल की पान चुकलंय का. विचारू दे.

१३ एप्रिल

कालचंच पुढे, थोडं हलकं. ताई जानेवारी ७२ मध्ये झाली. शेजारच्या काकूंनी नाव सुचवलं ‘विक्रांती’. आईने ते पत्रातून कळवलं असणार, कारण उत्तर असं: ‘जहाजाचे नाव मुलीस नको. जहाज वर्षातून सहा महिने डॉकात पडून असते.’ ताई ही ओळ ऐकून फोनवर इतकी हसली की तिच्या सुनेने काय झालं विचारायला फोन हातात घेतला.

४ मे, ठाणे

फोटो आणि इतर. भराभर लिहिते, यातलं बरंच गाळलं आहे.

२००६ चा फोटो: विक्रांत मुंबईत तरंगतं संग्रहालय होतं तेव्हाचा. अण्णा, दादाची दोन मुलं, मागे हँगर. नातवंडं विमानात चढायला पळाली आणि अण्णा भिंतीच्या पत्र्याला तळहात लावून उभे राहिले. मी विचारलं काय झालं. म्हणाले, "गार आहे." मला वाटलं एसीबद्दल बोलताहेत. फोटोखाली ओळ एवढीच देणार: गार आहे.

२०१४ ला विक्रांत मुंबईच्या दारूखाना भागात तोडायला घेतलं. पुढे त्याच्या लोखंडाचा अंश टाकीत घालून बजाजने मोटरसायकल काढली, ती दादाने हौसेने आणली. अण्णांनी टाकीवर बोटाने टकटक केलं, कान लावला आणि विचारलं, "अ‍ॅव्हरेज किती देते?" ते नाराज होते की नाही यावर आमच्यात आजही एकमत नाही.

२ सप्टेंबर २०२२ ला नवं विक्रांत दाखल झालं ते त्यांनी टीव्हीवर पूर्ण पाहिलं. नव्या ध्वजावर शिवाजी महाराजांच्या मुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला तेव्हा उभे राहिले. मग नातवाला विचारलं की याला बॉयलर किती. त्याने मोबाइलवर बघून सांगितलं की बॉयलर नाहीत, चार गॅस टर्बाइन. अण्णा बराच वेळ गप्प. मग: "मग खाली पोरं करतात काय?"

१५ जून, ठाणे

मजकूर पूर्ण, ७२ पानं. डीटीपीला दिला. त्यांच्याकडे जुनी फाँटची पद्धत, माझा मजकूर युनिकोडमध्ये. ते म्हणाले बदलून घेऊ, काही होत नाही.

२९ जून

होतं. पहिलं प्रूफ आलं. ‘र’ची जोडाक्षरं सगळी उलटीपालटी. आईचं पहिल्याच पानावरचं वाक्य असं आलंय: ‘माझी पत्रं ह्यांनी दऱ्यात सोडली.’ दर्या गेला आणि दऱ्या आल्या. पुस्तकभर अण्णा दऱ्याखोऱ्यांत हिंडताहेत. ‘दऱ्याला उधाण’, ‘दऱ्यावरचा वारा’. एके ठिकाणी तर ‘दऱ्यात पोहायला बंदी’. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "राहू दे की. सह्याद्रीत शोधायला जाऊ."

एकूण ८७ दुरुस्त्या. चार संध्याकाळ गेल्या. दर्याच्या ३१ जागा मी स्वतः मोजून बघितल्या.

२० जुलै

दुसरं प्रूफ ठीक. कोऱ्या रकान्याच्या पानावर छापणाऱ्याने पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं होतं. ‘असंच हवं’ लिहून परत दिलं.

प्रती किती यावर वाद. दादा १००, ताई २५, मी ४०. चाळीसवर मिटलं. मुखपृष्ठावर गणवेशातला फोटो हवा असा दादाचा हट्ट, ताईला विहिरीवरचा. शेवटी गणवेशातला पुढे, विहिरीवरचा मागे. विहिरीवरच्या फोटोत अण्णा बनियनवर आहेत आणि आई पोहरा ओढतेय. बघे तेच.

१० ऑगस्ट, गावी

प्रती आल्या. ताज्या शाईचा वास. आईने एक घेतली, चष्मा लावून ओटीवर बसली आणि सलग तीन तास वाचत होती. चहा गार झाला. मी आतबाहेर करत होते.

पान ३१ वर थांबली. मला हाक मारली. "अगो, ही विहीर पाच परस कोणी केलीन?"

कालपटात मी लिहिलं होतं: ‘मे १९७१, विहिरीला पाच परसांवर पाणी.’ परस म्हणजे विहिरीची खोली मोजायचं गावाकडचं माप. आकडा अण्णांच्या पत्रावरून घेतला होता.

"साडेसहा. पाचावर नुसती ओल होती. ते मी कळवलं, मग दीड परस आणखी खणलं. पुढचं ह्यांच्यापर्यंत पोचलंच नसेल, नाही तर वाचायच्या आधीच दर्यात गेलं असेल. मी उभी होत्ये तिथे. साडेसहा."

रेकॉर्डिंग काढून ऐकलं. १९ जानेवारी, चाळिसाव्या मिनिटाला तिने स्पष्ट ‘साडेसहा’ म्हटलंय. मी ते ऐकून, टाइप करून, उजव्या रकान्यात घालूनही कालपटात अण्णांचाच आकडा ठेवला. चूक माझी.

दादाला फोन केला. तो म्हणाला शुद्धिपत्राची चिठ्ठी छापून आत घालू, दोन दिवसांत होईल. आईने फोन माझ्या हातातून घेतला, म्हणाली, "काही नको. पेन आण गो. निळा आण, काळा नको."

जेवणानंतर दिव्याखाली पाट मांडून बसली आहे. प्रत्येक प्रतीत पान ३१ उघडते, ‘पाच’वर एक आडवी रेघ मारते आणि वर सावकाश, शाळेतल्यासारखं एकेक अक्षर सुटं काढत ‘साडेसहा’ लिहिते. शाई वाळेपर्यंत पान मिटू देत नाही, म्हणून ओटीभर उघडी पुस्तकं पसरलीत आणि मांजराला आत कोंडलंय.

नऊ वाजता उठून अडसर बघून आली, परत बसली. आतापर्यंत २७ झाल्या. उरलेल्या १३ उद्या.